माळावरचा पहारा

देवाचे नवे यरुशलेम नगर आकाशातून जमिनीवर उतरणार ते शेजारच्या पेपुझा गावाच्या माळावर, असे पेपुझाचे लोक सांगतात. सांगोत बापडे. आमच्या गावाचे म्हणणे काही फार वेगळे नाही. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की बारा वेशींचे नगर, ते काय एकट्या पेपुझात मावणार आहे? त्याची एखादी वेस तरी आमच्या माळावर टेकणारच. म्हणून पणजोबांच्या काळापासून त्या माळावर कुणी नांगर घातलेला नाही. जमीन काळीभोर, गहू असा आला असता की बघत राहावे. पण तिथे मेंढरे चरतात तेवढीच. मेंढरांचे प्रभूला वावडे नाही.

रोज पहाटे दोन माणसे माळाच्या कडेच्या टेकाडावर जाऊन उभी राहतात. बरोबर टोपलीत ताजी भाकर आणि पनीर असते. एवढ्या वरून उतरून येणाऱ्यांना कुणीतरी 'या, बसा, दोन घास खा' म्हणायला नको का? तिथे उभे राहून तोंडाने एकच म्हणायचे: 'ये प्रभू, आजच ये.' सूर्य पुरता वर आला आणि नगर आले नाही, की टोपलीतले आपणच खायचे आणि घरी परतायचे. पहाऱ्याची पाळी घराघरांतून फिरते. कुणाला जमले नाही तर त्याच्या जागी मंडळीची उपासना चालवणाऱ्या वडीलबाईंनी जायचे. दुसऱ्याचीही अडचण निघाली तर माळावर मेंढरांपाशी जो मेंढपाळ असेल त्याने उभे राहायचे. हा नियम कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही, पण भल्या माणसाने केला असावा.

वडीलबाई म्हणजे दोम्ना. बाई वेदीपाशी उभी राहते हे ऐकून खालच्या शहरातली मोठी मंडळी नाके मुरडतात. त्यांच्याकडे ते काम पुरुषांचे. वेदीवर भाकरीबरोबर पनीरही ते ठेवत नाहीत आणि आम्हाला 'पनीरखाऊ' म्हणतात. जगातल्या पहिल्या मेंढपाळाने, हाबेलाने, देवाला कळपातलेच दिले आणि देवाला ते आवडले, हे त्यांच्याही पुस्तकात आहे, पण ते पान बहुधा ते भराभर उलटत असावेत. आणि प्रभू खुद्द देवाचा निरोप आणणाऱ्या आमच्या संदेष्ट्रीच्या स्वप्नात आला तो बाईच्या रूपात, झळझळीत झगा घालून. मग बाईच्या हातची भाकर त्याला चालत नाही असे कुठल्या तोंडाने म्हणायचे?

दोम्ना पन्नाशीला टेकली होती. आवाज खणखणीत, हात हलका. तिच्या हातचे पनीर कधी आंबट झाले नाही. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि ती सासूजवळच राहत होती. सासू तातिया ही गावातली सगळ्यात कडक बाई. कोरड्या उपासाच्या आठवड्यांत लोक सुकी भाकर पाण्यात बुडवून खातात, तातिया तीही कोरडीच चावायची, आणि दात तर तिला फारसे उरले नव्हते. बर्फ पडो, वादळ येवो, पहाऱ्याची पाळी तिने उभ्या जन्मात चुकवली नव्हती.

पनीराला दूध यायचे ते मेइरोसकडून. मेइरोस मेंढपाळ. बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि बाळही गेले, तेव्हापासून तो आणि त्याची मेंढरे. बोलण्यात कंजूष, दूध घालण्यात उदार. एका वर्षी कोरड्या उपासात दोम्नाला चुलीपाशी घेरी आली. ते त्याला कसे कळले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या खिडकीत रोज मूठभर अक्रोड दिसू लागले. अक्रोड कोरडा असतो, उपासाला चालतो. दोम्नाने ते उचलले, फोडले, खाल्ले, आणि आपल्याला असे कुणी जपलेले किती वर्षे झाली या विचाराने तिला एकदम रडू आले. तिथूनच सगळे सुरू झाले. त्या दोघांच्या आधी ते गावाला कळले, हे सांगायला नकोच.

वसंतात एका सकाळी मेइरोस दुधाची चरवी ठेवून गेलाच नाही. दोम्ना अंजिराच्या हिरव्या फांदीने कोमट दूध ढवळत होती. फांदीच्या चिकाने दूध विरजते, तेव्हा हात थांबवून चालत नाही.

"दोम्नाबाई, तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला की. कान मोकळे आहेत."

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

"ठाऊक आहे," दोम्ना म्हणाली. फांदी फिरतच होती. "पण देव एक आणि लग्न एक. दर रविवारी मीच सांगते ना सगळ्यांना? एकदा झालंय तुमचं, एकदा झालंय माझं."

"शहरात करतात. प्रायश्चित्त घेतात थोडं आणि करतात."

"मग चला शहरात. तिथे मी कोपऱ्यात उभी राहीन गप्प, आणि इथे भाकर कोण मोडेल? आणि आईंना काय सांगू? तुमच्या मुलाला विसरले म्हणून?"

मेइरोसने चरवी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "पवित्र आत्म्यानेच नियम दिला. आत्मा बदलूही शकेल ना?"

"शकेल. आत्म्याला कोण अडवणार? पण सांगायचं त्याने, मेइरोस. आपण त्याच्या तोंडी घालायचं नाही."

यातले शेवटचे वाक्य भिंतीपलीकडे भाकरी भाजणाऱ्या बाबिसने ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले. तिने त्याच्या आधीचे तेवढे घेतले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की आत्म्याने सांगितले तर दोम्नाचे लग्न होऊ शकते.

आता आमच्याकडची रीत अशी. रविवारी आधी सात पोरी पांढरे कपडे घालून, हातात दिवट्या घेऊन, जगाच्या पापांसाठी रडत आत येतात. त्यातल्या सगळ्यात धाकटीला रडू येत नाही, म्हणून ती बाहीत कांद्याची फोड ठेवते. मग भाकर, मग पनीर. सगळे पांगले की ज्याला आठवड्यात दृष्टांत झाला असेल त्याने वडीलबाईंपाशी बसून तो सांगायचा. वडीलबाई उलटसुलट विचारून तो तपासतात. खरा ठरला तर पुढच्या रविवारी सगळ्यांपुढे सांगतात. खोटा दृष्टांत म्हणजे आत्म्याची निंदा, त्याहून मोठे पाप नाही. एरवी महिनोन्‌महिने कुणाला काही दिसत नाही. त्या वसंतात मात्र अख्ख्या गावाला दिसायला लागले.

पहिली बाबिस आली. पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून बसली.

"झळझळीत झगा घातलेली बाई आली स्वप्नात," ती म्हणाली. "म्हणाली, दोम्नाचं अंथरूण गार आहे, मला बघवत नाही."

"पायात काय होतं तिच्या?"

"पायात? ते आपलं… शहरातल्या बाजारात मिळतात ना, लाल चपला, त्या."

"बाबिस."

"मागच्या जत्रेत मी ज्या घेतल्या नाहीत, महाग होत्या म्हणून."

"बाबिस, प्रभू बाजारातल्या चपला घालून आला होता?"

बाबिसने हातांवरचे पीठ खरवडले. मग म्हणाली, "नव्हता गं आला. पण तू अशी वाळत चाललीस, मग आम्ही काय करायचं?"

दोम्नाने तिला हसत उठवले, पण दारापर्यंत पोहोचवताना तिला घट्ट मिठी मारली. पुढच्या रविवारी कुंभार आला. त्याच्या दृष्टांतात मेइरोसची मेंढी बोलली होती, तीही कुंभाराच्या बायकोसारखी तोतरी. मग दिवटीवाली धाकटी आली. तिला म्हणे देवदूत दिसला, आणि तो दिसल्यावर कांद्याशिवाय रडू आले. एकेकाला दोम्ना विचारी, आणि एकेक जण मान खाली घालून निघून जाई. खोटे बोलणे त्यांच्यातल्या कुणालाच धड जमत नव्हते. चांगल्या माणसांचे तेच दुखणे असते.

दोम्ना रागावली नाही असे नाही. एका रविवारी वेदीपुढेच तिने सगळ्यांना फैलावर घेतले. पण घरी येऊन भांडी घासताना तिच्या मनात यायचे, ही माणसे माझ्यासाठी नरकाचीही भीती बाळगत नाहीत. सासू मात्र या सगळ्यात एक शब्द बोलत नव्हती. तातिया कोपऱ्यात लोकर कातत बसायची आणि चाती तेवढी भिरभिरायची. दोम्नाला त्या गप्प बसण्याचा जास्त धाक वाटायचा. तिच्या मुलाची बायको, तिच्याच छपराखाली, आणि गाव तिचे दुसरे लग्न लावायला निघालेले.

मग एका रविवारी पापास आला. मधाच्या पोळ्यांचा म्हातारा, सगळ्यांना आजोबांच्या ठिकाणी. तो काठीवर हनुवटी टेकून बसला.

"मला दोन भाकरी दिसल्या," तो म्हणाला. "एका टोपलीत. मी त्यातली एक उचलायला गेलो तर आवाज आला, 'राहू दे. वेगळ्या करू नकोस.' बस. एवढंच."

दोम्ना सावरून बसली. हा दृष्टांत खऱ्यासारखा होता. साधा, अर्धवट, कुणाचे नाव नसलेला. खरे दृष्टांत असेच असतात.

"तेव्हा तुम्ही जागे होता की झोपेत?" तिने विचारले.

"पहाटेचं. अर्धवट."

पुढचे प्रश्न तिला तोंडपाठ होते. आवाज पुरुषाचा की बाईचा, कुठून आला, नंतर अंगावर काटा आला का, घाम आला का. तिने ते विचारले नाहीत. पापासच्या सुरकुतलेल्या हातांकडे बघत ती गप्प बसली, आणि एकदम तिच्या लक्षात आले की आपण मुद्दाम गप्प बसलो आहोत.

"पापासबाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "खरंच?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "आणखी विचारू नकोस ना, पोरी."

त्या दिवशी दोम्ना फार घाबरली. पापासच्या पापाने नाही, स्वतःच्या गप्प बसण्याने. दुसऱ्या कुणासाठी तिने असे कधी केले नव्हते. आणि आज एका होकारावर सगळे मिळाले असते: घर, सोबत, वेदीही हातची गेली नसती. गाव आनंदाने नाचले असते. फक्त मग पुढे आयुष्यभर 'आत्मा सांगतो' हे शब्द तिला उच्चारता आले नसते.

पुढच्या रविवारी भाकर मोडून झाल्यावर तिने कुणाला पांगू दिले नाही.

"माझ्याविषयीचे दृष्टांत आता मी तपासणार नाही," ती म्हणाली. "मी त्याला लायक नाही. कारण ते खरे असावेत असं मला वाटतं. फार वाटतं. आता कुणाला सांगायचं असेल तर सगळ्यांपुढे सांगा, आणि सगळ्यांनी मिळून तपासा."

बाबिस जमिनीकडे पाहत होती. मग मागे दाराशी बसलेला मेइरोस उठला. तो कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. पापासच्या तोंडावर आशा अशी फुलली की बघवेना. हा माणूस बोलला असता तर गावाने काही विचारलेच नसते.

"मी माळावर असतो," मेइरोस म्हणाला. "सगळ्यात जास्त वेळ मीच असतो तिथे, आकाशाखाली. वसंतापासून मी रोज मागतोय. गुडघे टेकून मागतोय. मला काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. तेवढंच सांगायचं होतं."

तो बसला. दोम्ना वेदीपाशी उभी होती, आणि आजपर्यंत कुठल्याही दृष्टांतासाठी म्हटले नसेल इतक्या स्पष्ट आवाजात तिने म्हटले, "ही साक्ष खरी आहे."

म्हणजे प्रकरण संपले. लग्न नाही. दिवटीवाली धाकटी पोर हुंदके देऊन रडायला लागली, आणि त्या दिवशी तिच्या बाहीत कांदा नव्हता. मेइरोसवर आपला जीव किती आहे हे दोम्नाला त्या क्षणी पुरते कळले. ज्या खोट्याने तो तिला मिळाला असता ते त्याने उच्चारले नव्हते, आणि तिला त्याच्यापासून दूर ठेवायला नेमके तेच पुरेसे होते. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तातियाची चाती फिरत राहिली.

त्यानंतर गावात साथ आली.

आधी कुंभाराच्या कमरेत उसण भरली. त्याची पहाऱ्याची पाळी होती. त्याच्या जोडीला पापास होता. पापासने निरोप धाडला की डोळ्यांपुढे अंधारी येते, नगर उतरले तरी दिसायचे नाही, मग येऊन उपयोग काय. दुसऱ्याची अडचण निघाली की मेंढपाळ, आणि पहिल्याची निघाली की वडीलबाई. नियमच तसा. दुसऱ्या पहाटे बाबिसच्या घरी जुलाब आणि शेजारच्या घरी गाभण मेंढी. तिसऱ्या पहाटे दोघांनाही खोकला. दोम्ना टोपली घेऊन टेकाडावर जाई, आणि तिथे मेइरोस आधीच उभा असे.

ती काही दुधखुळी नव्हती. ती घरोघर गेली.

"कुठे दुखतं?" तिने कुंभाराला विचारले.

"इथे. नाही, इथे." तो चाकावर बसून मजेत मडके घडवत होता. "आणि हे बघा वडीलबाई, हा काही दृष्टांत नाही. कमरेच्या दुखण्यात आत्म्याची निंदा होत नाही. कुठल्या संदेष्ट्याने सांगितलंय तसं?"

दोम्ना घरी परतली. पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. टेकाडावर ती टोपलीच्या एका बाजूला उभी राही आणि मेइरोस दुसऱ्या बाजूला, मध्ये एक माणूस सहज निजेल एवढे अंतर. बोलणे नाही. 'ये प्रभू, आजच ये' तेवढे दोघे पुटपुटत. भाकर खाताना ती तिकडे तोंड करी आणि तो इकडे. सगळा वेळ तिला वाटे की घरी कोपऱ्यात लोकर कातणारी म्हातारी सगळे जाणते आहे, आणि तिचा जीव तुटतो आहे. तिची पाळी आली की तीच जाईल, तशी ती कायम जातेच, आणि टेकाडावर उभी राहून मेइरोसकडे ज्या नजरेने बघेल त्या नजरेने हे सगळे संपेल. दोम्नाला तेही बरेच वाटत होते. संपले तर एकदाचे संपेल.

तातियाची पाळी आली ती हेमंतात, पहिल्या कडक थंडीच्या दिवशी. दोम्नाने अंधारातच चूल पेटवली, भाकर फडक्यात गुंडाळली, पनीर टोपलीत ठेवले. सासूच्या जोडीच्या घरातून खोकल्याचा निरोप रात्रीच आला होता, आणि रोज तिच्याआधी उठणारी सासू पांघरुणातच होती.

"आई, उठा. पाळी आहे तुमची."

"नाही जमणार," तातिया म्हणाली. "गुडघा दुखतोय."

दोम्नाने दिवा जवळ नेला. "कुठला गुडघा?"

म्हातारीने जरा विचार केला. "दोन्ही."

"काल संध्याकाळी तुम्ही विहिरीवरून पाणी आणलंत."

"म्हणूनच दुखतायत. आणि तू काय चौकशी लावलीस? दृष्टांत तपासायचा अधिकार आहे तुला. माझे गुडघे तपासायचा कुणी दिला?"

दोम्ना खाली बसली. मग जे मनात इतके महिने साठले होते तेच तोंडातून आले.

"आई, मला वाटलं तुम्हाला दुःख होतंय. त्यांना विसरले म्हणून."

"विसरशील कशी? मी विसरू देणार आहे का तुला?" तातियाने हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर थोपटले. हात खरखरीत आणि उबदार होता. "नियम आहे तो आहे. लग्न एक. मी मेल्यावरही एकच. पण दोन माणसांनी मिळून प्रभूची वाट बघू नये, असं कुठे म्हटलंय? बाकीच्या मूर्खांनी दृष्टांत काढत बसण्याआधी मला विचारलं असतं तर मी वसंतातच सांगितलं असतं." तिने भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केले. "ती घे पांघरायला. बाहेर गारठा आहे."

खुंटीवर दोम्नाच्या नवऱ्याची जाड लोकरी घोंगडी होती. तो गेल्यापासून ती तिथून हलली नव्हती. तातिया दर वसंतात ती झटकून पुन्हा तिथेच टांगायची.

"ही?"

"मग काय माझी? तू उंच आहेस, माझी पुरायची नाही. आणि मोठी आहे ती, दोघांनाही पुरेल. जा आता. भाकर गार होईल."

टेकाडावर वारा बोचत होता. मेइरोस उभा होता, नेहमीच्या जागी. त्याने घोंगडी ओळखली. आमच्या गावात सगळे सगळ्यांच्या घोंगड्या ओळखतात. तो दोन पावले मागे सरला.

"सरू नकोस," दोम्ना म्हणाली. "आईंनी दिलीय. म्हणाल्या, दोघांना पुरेल."

मेइरोसने घोंगडीकडे पुन्हा एकदा पाहिले. मग हळूच जवळ आला. दोम्नाने घोंगडीचे एक टोक त्याच्या खांद्यावर टाकले, टोपली पायाशी ठेवली, आणि दोघे माळाकडे तोंड करून उभी राहिली. खाली मेंढरे एकमेकांना चिकटून बसली होती. पूर्वेकडचे डोंगर आधी काळे, मग जांभळे झाले. आकाश उघडे होते, बारा वेशींचे नगर बिनधोक उतरेल एवढे स्वच्छ.

मेइरोसचे ओठ हलले. दोम्नाचेही हलले. मग सूर्याची कड डोंगरावर आली, माळभर ऊन पसरले. कुठे काही उतरले नाही. मेंढरे उठली आणि चरायला लागली.

दोम्नाने टोपलीवरचे फडके काढले. भाकरीला मात्र तिने हात लावला नाही.

"काय झालं?" मेइरोसने विचारले.

ती आयुष्यात कुणाशी खोटे बोलली नव्हती, आणि आज सुरुवात करणार नव्हती. "आज मी चुकीचं म्हटलं," ती म्हणाली. "'आजच ये' म्हणायचं असतं. मी म्हटलं, 'आज नको. उद्या ये.' एवढी वर्षं मी त्या नगराची वाट बघितली, मेइरोस. रडून मागितलं. आणि आज मला भीती वाटली, आत्ताच येईल की काय."

मेइरोसने भाकर हातात घेतली, मधोमध मोडली, मोठा तुकडा तिला दिला. त्यावर पनीर ठेवले.

"मी कुंभाराच्या कमरेपासून तेच म्हणतोय," तो म्हणाला. "खा."